डावीकडे दोन चौकोन

मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पिंप्राळ्यात आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, हबीब ड्रॉइंगवाला कसा आहे म्हणून. भाजीवाल्यापासून गॅसच्या सिलिंडरवाल्यापर्यंत सगळे एकच सांगतील. माणूस कामाचा आहे, पण तोंड फार चालतं. त्यांचं काही खोटं नाही.

माझं काम इलेक्ट्रिकल ड्रॉइंगचं. दालमिल असो, कापसाचं जिनिंग असो, नाहीतर केळी पिकवायचे चेंबर असोत, कुठल्या मोटारला कुठली तार जाते, कुठला स्विच कशाला थांबवतो, हे सगळं मी कॉम्प्युटरवर काढून देतो. ते बघून फिटर पॅनल जोडतो. फिटरला मोटारचं चित्र लागत नाही, खूण लागते. एक गोल म्हणजे मोटार, दोन तिरक्या रेघा म्हणजे अमुक स्विच. या खुणेला आम्ही सिंबॉल म्हणतो. सॉफ्टवेअरबरोबर तयार सिंबॉल येतात, नाही असं नाही, पण ते कुठल्यातरी परदेशी कारखान्यांच्या उपयोगाचे. केळीच्या चेंबरमधल्या गॅसच्या झडपेचा सिंबॉल त्यात कुठून असणार? असे सिंबॉल आपले आपण बनवायचे, लायब्ररीत ठेवायचे, आणि लागेल तेव्हा उचलून ड्रॉइंगमध्ये बसवायचे.

माझ्या लायब्ररीत असे तीनशे बारा सिंबॉल आहेत. त्यातला एकही मी बनवलेला नाही. सगळे माझ्या बायकोने, अकबरीने बनवले. तिला जाऊन आता चौदा महिने झाले.

तिला ना इंग्रजी धड येत होतं, ना विजेतलं काही कळत होतं. ती कशिदा करायची. ओढण्या, बुरख्यांच्या किनारी, लग्नातल्या उशांचे अभ्रे. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढायची, मग कापडावर. दोन हजार पाच साली मी हप्त्याने कॉम्प्युटर घरी आणला आणि पहिल्याच आठवड्यात एका सिंबॉलपायी तासभर शिव्या घालत बसलो. ती मागे उभी राहून बघत होती. पडद्यावर बारीक चौकोनांची जाळी होती आणि तिच्यावर मी रेघा मारत होतो, त्या वाकड्या जात होत्या. ती म्हणाली, हे तर माझंच काम आहे, सरका. मी सरकलो. महिनाभरात ती माऊस असा चालवायला लागली की मी पुन्हा त्या कामाला हात लावला नाही. मी कागदावर खरडून द्यायचो, ती दुपारची कामं आटोपून बसायची आणि संध्याकाळपर्यंत सिंबॉल तयार असायचा. नीट, देखणा, एकही रेघ जास्त नाही.

फक्त एक खोट होती.

प्रत्येक सिंबॉलला एक बेस पॉइंट द्यावा लागतो. म्हणजे सिंबॉल उचलला की तो कुठे धरायचा, ती जागा. कपाला जसा कान असतो तसं समजा. हा पॉइंट बरोबर तार जोडायच्या टोकावर ठेवायचा असतो. मग लाइनीच्या, म्हणजे तारेच्या रेघेच्या, शेवटी क्लिक केलं की सिंबॉल लाइनीला चिकटून बसतो. अकबरी हा पॉइंट टोकावर ठेवायचीच नाही. डावीकडे दोन चौकोन सोडून, मोकळ्या जागेत ठेवायची. परिणाम असा, की मी क्लिक केलं की सिंबॉल लाइनीपासून दोन चौकोन उजवीकडे जाऊन पडायचा. मध्ये फट. मग मी डाव्या बाणाचं बटण दोनदा दाबायचो, तेव्हा तो येऊन लाइनीला चिकटायचा.

कारण विचारलं तर म्हणाली, गाठ नक्षीच्या बाहेर मारायची असते, आत मारली तर दिसते. टाका बाहेरूनच सुरू करायचा. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, अगं, इथे कुठली सुई आणि कुठली गाठ? ती हसली आणि पुढचा सिंबॉलही तसाच केला. घरात आमची बोली खिचडी, ती इथे मी मराठीत लिहितोय. पण तिची दोन वाक्यं मला तिच्याच बोलीत ऐकू येतात, म्हणून ती तशीच ठेवतो. त्यातलं एक हे. मी फार बडबड केली की म्हणायची, "दो बटन दबाने में क्या जाता तुम्हारा?"

काय जात होतं, खरंच? पण मी वीस वर्षं बडबडत राहिलो. सिंबॉल बसवायचा, दोनदा बटण दाबायचं, आणि मोठ्याने म्हणायचं, "डावीकडे दोन!" आतल्या खोलीतून ती म्हणायची, "ऐकलं." दिवसातून शंभर वेळा. ती गेल्यावर पहिल्या दिवशी कामाला बसलो तेव्हाही तोंडातून निघून गेलं, डावीकडे दोन. आतून काही आलं नाही. मी कॉम्प्युटर बंद केला आणि आठ दिवस चालू केला नाही.

नंतर केला. पोटासाठी केला असं नाही म्हणत, मुलगी सबीहा सुरतेहून मला बोलवत असते, तिचं घर मोठं आहे. पण इथे बसून बटण दाबलं की निदान भांडल्यासारखं वाटतं. दुसरं काय राहिलंय माझ्याकडे? गल्लीत कुणाशी जमत नाही. सबीहाचा फोन रविवारी येतो, जेवण झालं का, गोळ्या घेतल्या का, संपला. बाकी आठवडाभर मी बोलतो ते या बटणाशी, ते काही माणूस नाही.

गेल्या महिन्यात लोटनचा फोन आला. लोटन माझा आयटीआयपासूनचा दोस्त, धुळ्यात त्याचं ड्रॉइंगचं ऑफिस आहे, आणि माझं निम्मं काम त्याच्याकडूनच येतं. त्याने माझी लायब्ररी मागून घेतली होती. त्याच्या ऑफिसातल्या पोरींना शिरपूरकडच्या जिनिंगची मोठी कामं आली होती, आणि तसले सिंबॉल खानदेशात दुसऱ्या कुणाकडे नव्हते. मी आनंदाने दिली. खरं सांगतो, छाती फुगली होती. म्हटलं, अकबरीचं काम आता चार ठिकाणी दिसेल.

फोनवर तो म्हणाला, "हबीबभाऊ, एकदा येई जा धुळाले. दाखाडानं शे."

काय दाखवायचंय ते फोनवर सांगेना, म्हणून मी एसटीने गेलो. पारोळ्याला गाडी अर्धा तास थांबली, कंडक्टरशी माझं वाजलं, ते सोडा. धुळ्यात जुन्या भागात गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. पाच नंबरच्या गल्लीत वरच्या मजल्यावर लोटनचं ऑफिस. चार कॉम्प्युटर, चार पोरी. त्यातली मोठी, पुनम, तिने मला खुर्ची दिली आणि पडद्याकडे बोट केलं.

"काका, बघा." तिने लाइनीच्या टोकाला क्लिक केलं. अकबरीचा मोटारचा सिंबॉल दोन चौकोन सोडून पडला. मध्ये फट. "आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही क्लिक केलं आणि पुढे गेलो. लांबून बघितलं तर चिकटलेलं वाटतं. अकरा शीट अशा गेल्या. फिटर म्हणतो, तुमच्या ड्रॉइंगमध्ये एकाही मोटारला तार नाही."

"मग डावीकडे दोनदा दाबायचं," मी म्हणालो.

"प्रत्येक वेळी?"

"मी दाबतो ना!"

आवाज चढला असणार माझा, कारण बाकीच्या तिघींनी माना वळवल्या. लोटनने मला बाहेर जिन्यात नेलं, चहा सांगितला आणि खांद्यावर हात ठेवला.

"भाऊ, वहिनीना हात सोनाना व्हता, मी ना म्हनत नही. पन बठ्ठा सिंबॉल सरकेल शेतस. सोमवारपावत करी द्या. नहीत मंग पुनम बठ्ठं नवं काढी."

बठ्ठं नवं, सगळंच नवं. म्हणजे तीनशे बारा सिंबॉल फेकून द्यायचे. मी चहा तसाच ठेवला आणि स्टँडवर आलो. येताना गाडीत मला लोटनचा राग आला, पुनमचा आला, आणि सगळ्यात जास्त अकबरीचा आला. म्हटलं, बाई, एवढं एक ऐकलं असतंस तर आज तुझं काम असं कचऱ्यात जायची वेळ आली नसती.

घरी आलो, पण दोन दिवस फाईल उघडवेना. कारण सरळ होतं. बेस पॉइंट दुरुस्त केला की सिंबॉल आपसूक लाइनीवर बसणार. मग दाबायला बटण नाही, बडबडायला कारण नाही. तिच्याशी माझं जे काही बोलणं उरलं होतं ते एवढंच होतं आणि तेही बंद करायचं. नाही केलं तर तिचं काम जातंय. करावं तर ती जातेय. माझ्यासारख्या माणसाला असलं काही कळत नाही म्हणतात, पण कळत होतं, आणि रडूही आलं. लिहायला लाज वाटत नाही.

बुधवारी सकाळी बसलो. पहिला सिंबॉल मोटारचा. उघडला, बेस पॉइंट उचलला, दोन चौकोन उजवीकडे आणून टोकावर ठेवला, सेव्ह केलं. अर्धा मिनिट. मग सवयीने माझ्या जुन्या गिऱ्हाइकाचं, लालचंदशेठच्या दालमिलचं जुनं ड्रॉइंग उघडलं, कसं दिसतं ते बघायला. सॉफ्टवेअरने विचारलं, हा सिंबॉल बदललाय, इथेही नवा घेऊ का? मी हो म्हटलं.

त्या ड्रॉइंगमध्ये चौऱ्याऐंशी मोटारी आहेत. चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी एका झटक्यात डावीकडे सरकल्या आणि लाइनींवर चढून बसल्या. काही शेजारच्या तारांवर गेल्या. वीस वर्षांचं जुळलेलं ड्रॉइंग, नुसता गोंधळ.

मी बघतच राहिलो. मग डोक्यात प्रकाश पडला. तिने दोन चौकोन सोडले होते आणि मी प्रत्येक ठिकाणी दोन चौकोन सरकवले होते. तिची चूक आणि माझी कटकट, दोन्ही मिळून ड्रॉइंग बरोबर होतं. त्यातली एकटी चूक काढायला गेलो तर माझी कटकट तेवढी उरली, आणि त्या कटकटीने सगळं बिघडवलं.

बदल रद्द केला. मोटारी परत जागेवर गेल्या. मग रीतीने काम करायचं ठरवलं. जुनी लायब्ररी जुन्या ड्रॉइंगसाठी जशीच्या तशी ठेवायची. तिची एक नक्कल काढायची, आणि धुळ्यासाठी त्या नकलेत दुरुस्ती करायची. तिची तिच्याजवळ, लोकांची लोकांजवळ. एवढं सुचल्यावर जरा हलकं वाटलं.

दिवसाला साठ-सत्तर सिंबॉल होत होते. आणि एक सांगतो, इतकी वर्षं मी ते वापरले होते, पण आत उघडून कधी बघितले नव्हते. उघडल्यावर तिचा हात दिसायला लागला. डाळ वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या बादल्या सातच काढल्या होत्या, कारण आठवी काढली तर छपाईत काळा डाग पडतो, हे तिचं तिने शोधलं होतं. गोल मारताना ती नेहमी वरून सुरुवात करायची. आणि बेस पॉइंट प्रत्येक ठिकाणी डावीकडे बरोबर दोन चौकोन. एक नाही, तीन नाही. अडीच नाही. चूकच म्हणायची, पण एवढ्या शिस्तीची चूक मी दुसरीकडे बघितली नाही.

हे बघताना मला सारखा ती जायच्या आधीचा, दिवाळीनंतरचा प्रसंग आठवत होता. तोही सांगून टाकतो, कारण तो न सांगता पुढचं सांगता येणार नाही.

लालचंदशेठच्या मुलाचं, रोनकचं, सावद्याकडे केळी पिकवायच्या चेंबरचं काम होतं. पाच चेंबर. प्रत्येकाच्या दाराला एक स्विच. दार उघडलं की आतला पंखा थांबला पाहिजे. त्या स्विचचा सिंबॉल हवा होता. अकबरी तेव्हा आजारी होती, पाठीशी उशी घेऊन बसायची, बोटांना सूज असायची. मी म्हटलं राहू दे, तर ऐकेना. दोन दिवस लावून सिंबॉल केला. देताना म्हणाली, बसवून बघा आणि मला सांगा. मी घाईत होतो. पाच ठिकाणी क्लिक केलं, पाच ठिकाणी डावीकडे दोनदा दाबलं, बोटं आपोआप चालतात, नजर पुढच्या लाइनीवर असते. प्रिंट काढली आणि पाठवून दिली.

चार दिवसांनी रोनकचा फोन. "हबीबचाचा, दाराचा स्विच तुम्ही दिव्याच्या तारेवर दाखवलाय. दार उघडलं की दिवा जातो आणि पंखा फिरत राहतो." त्याने काही वाईट शब्द वापरला नाही. फिटरने तिथेच छापील कागदावर पेनने दुरुस्ती करून घेतली, काम झालं, कुणाला काही इजा नाही. पण माझ्या ड्रॉइंगवर दुसऱ्याचा पेन चालला, हे मला सहन होईना. फोन ठेवला आणि मी आतल्या खोलीत गेलो.

काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. एक वाक्य लिहितो. म्हटलं, वीस वर्षं तुझी चूक सांभाळून घेतली, निदान चूक तरी एकसारखी करत जा. आता काय मनाला येईल तिथे पॉइंट ठेवायला लागलीस?

ती उशीला टेकून बसली होती. माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "एक बार खोल के तो देखो."

मी म्हटलं, मला वेळ नाही. खरंच असंच म्हटलं.

नंतर आठ दिवसांनी तिला दवाखान्यात नेलं आणि मग त्या फाईलचं कुणाला सुचणार? पेनने दुरुस्त झालेलं काम. मी ती पुन्हा उघडलीच नाही.

रविवारी दुपारी तीनशे अकरा सिंबॉल झाले. सबीहाचा फोन येऊन गेला होता, गोळ्या घेतल्या म्हणून मी खोटं सांगितलं होतं. उरला होता तो शेवटचा, दाराचा स्विच. मी मनाची तयारी करून बसलो होतो. म्हटलं आजारी होती, हात थरथरत होता, पॉइंट कुठेही पडला असेल. जिथे असेल तिथून उचलून टोकावर ठेवू, विषय संपला.

सिंबॉल उघडला. डावीकडे दोन चौकोन सोडून बघितलं, तिथे पॉइंट नव्हता. आणखी लांब बघितलं, नव्हता. मोठं करून बघितलं. पॉइंट बरोबर तार जोडायच्या टोकावर होता. जिथे असायला हवा तिथे. जिथे ठेव म्हणून मी वीस वर्षं बोंबलत होतो तिथे.

मला वाटलं चुकून मीच दुरुस्त करून विसरलो की काय. सिंबॉल शेवटचा कधी बदलला त्याची तारीख बघितली. ज्या दुपारी तिने मला दिला, त्या दुपारची. त्यानंतर कुणी हात लावलेला नाही.

म्हणजे त्या एका वेळी तिने माझं ऐकलं होतं. सुजलेल्या बोटांनी, दोन दिवस लावून, तिची ती गाठ बाहेर मारायची सवय मोडून, तिने पॉइंट जागेवर ठेवला होता. आणि मी न बघता डावीकडे दोनदा दाबून तो पंख्याच्या लाइनीवरून शेजारच्या दिव्याच्या तारेवर नेला होता. चूक माझ्या बोटांनी केली होती. ते तिला माहीत होतं. तिने सांगितलंही नाही, तुम्ही चुकलात म्हणून. नुसतं बघा म्हणाली.

मग आतल्या खोलीच्या दाराकडे तोंड करून म्हणालो, "देखा मैंने. खोल के देखा." फार उशीर झाला होता, मलाही कळतं. पण म्हणालो.

त्यानंतर रोनकच्या चेंबरची फाईल उघडली. पाच स्विच पाच दिव्यांच्या तारांवर बसलेले होते. एकेकाला धरून उजवीकडे दोनदा सरकवलं. पाच स्विच, दहा बटणं. पाचही आपापल्या लाइनीला जाऊन चिकटले. एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

सोमवारी लायब्ररी धुळ्याला पाठवली. दुपारी लोटनचा फोन आला, खूश होता. पुनमने सगळे बसवून बघितले होते, एकही फट नाही. "बठ्ठं भारी व्हयनं भाऊ. किती सिंबॉल सुधारना पडनात?"

"तीनशे अकरा," मी म्हणालो.

"बारा व्हतात ना?"

"शेवटच्याला हात लावला नाही. तो तिनेच नीट करून ठेवला होता. मी तिला त्याच्यावरूनच फार बोललो होतो, लोटन." तो म्हणाला, "जेवी ल्या भाऊ, वेळेवर." आणि फोन ठेवला.

आता नवं काम मी नव्या लायब्ररीवरच करतो. आज सकाळी एका दालमिलचं ड्रॉइंग घेतलं. मोटारचा सिंबॉल उचलला, लाइनीच्या टोकाला क्लिक केलं, नीट बसला, आणि माझ्या बोटाने नेहमीसारखं डावीकडे दोनदा दाबून टाकलं. मोटार लाइनीवर चढली. मग उजवीकडे दोनदा. पुढच्या मोटारला पुन्हा तेच. दुपारपर्यंत तेवीस मोटारी बसवल्या आणि तेवीस वेळा चुकलो. आता रागवायचं तर स्वतःवर, कारण या घरात चूक करणारा मी एकटाच उरलोय.